सुदा ५१चा गेम घेण्याआधी : वाचकांचे प्रश्न

जपानी गेमकार गोइची सुदा आणि त्याची ग्रासहॉपर मॅन्युफॅक्चर ही कंपनी यांच्याविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बऱ्याच पत्रांचा सूर तक्रारीचा आहे: ऐकले होते एक, हाती आले भलतेच. यात कुठे गेम चुकला, कुठे जाहिरात चुकली आणि कुठे (रागावू नका) खेळणारा चुकला, ते ज्याच्या त्याच्या उत्तरात येईल.

प्रश्न : सुदाचे नाव पाहून सेलमध्ये तीन गेम घेतले. ‘किलर७’ने वेड लावले, पण ‘लॉलीपॉप चेनसॉ’ आणि ‘किलर इज डेड’ साधे मारधाडीचे वाटले. हा एकाच माणसाचा हात आहे का? (सांगली)

नाही, आणि निम्मा घोळ इथेच होतो. खोक्यावर ‘सुदा ५१’ छापलेले असले म्हणजे दिग्दर्शन त्याचेच असे नाही. (गो म्हणजे पाच, इची म्हणजे एक, टोपणनावातले ५१ इथून आले.) १९९८ साली कंपनी काढल्यापासून तो तिचा प्रमुख आहे. त्यामुळे कल्पना, कथा किंवा नुसती देखरेख त्याची आणि रोजचे दिग्दर्शन दुसऱ्याचे, असे अनेकदा घडले. ‘शॅडोज ऑफ द डॅम्ड’चा (२०११) दिग्दर्शक मासिमो ग्वारिनी, ‘लॉलीपॉप चेनसॉ’चा (२०१२) तोमो इकेदा आणि ‘किलर इज डेड’चा (२०१३) हिदेयुकी शिन. ‘लेट इट डाय’ही (२०१६) शिनचाच.

सुदाने स्वतः दिग्दर्शित केलेल्यांत ‘द सिल्व्हर केस’ (१९९९), ‘फ्लॉवर, सन अँड रेन’ (२००१), ‘किलर७’ (२००५) आणि पहिला ‘नो मोअर हीरोज’ (जपानमध्ये डिसेंबर २००७) हे महत्त्वाचे. त्यानंतर मुख्य दिग्दर्शकाच्या खुर्चीत तो थेट २०१९च्या ‘ट्रॅव्हिस स्ट्राइक्स अगेन’ला परतला आणि २०२१ साली ‘नो मोअर हीरोज ३’ आला. मधल्या दहा-अकरा वर्षांतले गेम वाईट नाहीत, पण त्यांत ‘किलर७’ शोधायला गेलात तर निराशा ठरलेली.

आणखी एक. रक्ताच्या कारंज्यांवरून सुदा ओळखायचा नसतो, ती कुणीही उडवतो. कंपनी काढण्याआधी ह्यूमन या कंपनीत असताना त्याने ‘सुपर फायर प्रो रेसलिंग स्पेशल’ (१९९४) या कुस्तीच्या गेमची कथा लिहिली. तिचा नायक सर्वोच्च किताब जिंकतो आणि शेवटी घरी जाऊन स्वतःला संपवतो. ज्या गेममध्ये लोक फक्त डाव टाकायला येतात, तिथे हा शेवट! गेम क्षेत्रात येण्याआधी सुदा अंत्यविधीच्या व्यवसायात काम करत होता. त्याच्या गेममध्ये मेलेला माणूस नुसता गुण देऊन नाहीसा होत नाही, बऱ्याचदा मरण्याआधी पाच मिनिटे बोलतो आणि मेल्यावरही सतावतो. हे लक्षण दिसले तर समजा, सुदा घरी आहे.

प्रश्न : ‘किलर७’ संगणकावर घेतला. माणूस मनासारखा चालत नाही, शत्रू दिसत नाहीत, दिसले तर अंगावर येऊन फुटतात. दुसऱ्या प्रकरणातच अडकलो. माझ्या यंत्रात दोष आहे की गेममध्ये? (नाशिक)

दोष कुठेच नाही, फक्त नेहमीच्या गोळीबाराच्या गेमची सवय इथे आडवी येते. सगळे नीट सांगतो, कारण या एका गेमबद्दल सर्वांत जास्त पत्रे आहेत.

गेममध्ये हार्मन नावाच्या म्हाताऱ्याची सात मारेकरी रूपे आहेत, त्यांतले एकेक तुमच्या हातात येते. चालणे आधी. इथे स्टिक ढकलून हिंडायचे नसते. एक बटण दाबून धरले की पात्र आखलेल्या वाटेवरून पुढे धावते, दुसऱ्या बटणाने मागे वळते, आणि फाटा आला की पडद्यावर पर्याय उमटतात, त्यातला स्टिकने निवडायचा. कॅमेरा कुठे असावा हे दिग्दर्शकाला स्वतःच्या हातात हवे होते म्हणून ही रचना. तासाभरात हाताला सवय होते. होईपर्यंत चिडचिड होणारच.

आता शत्रू. ‘हेवन स्माइल’ नावाची ही जमात अदृश्य असते, पण हसते. हसू ऐकू आले की जागीच थांबा, नेम धरण्याचे बटण दाबून डोळ्यांतून पाहण्याच्या दृश्यात जा आणि स्कॅनचे बटण दाबा. मगच ते दिसतात. बहुतेक जण इथे घाई करतात: स्कॅन न करता गोळ्या झाडतात, आणि त्या हवेत जातात. स्कॅननंतर प्रत्येकाच्या अंगावर कुठेतरी एक चमकता पिवळा ठिपका दिसेल. त्यावर एक गोळी बसली की शत्रू जागच्या जागी संपतो. हात-पाय उडवत बसलात तरी मरेल, पण तोवर पुढचा अंगाला भिडून फुटलेला असेल. संगणकावर माउसने नेम फार सोपा जातो, तेव्हा कंट्रोलरचा हट्ट नको.

ठिपक्याचा दुसरा फायदा रक्ताचा. रक्त दोन प्रकारचे: घट्ट आणि पातळ. पातळ रक्त जखमा भरायला आणि पात्रांच्या खास करामतींना खर्च होते. घट्ट रक्त हार्मनच्या खोलीतल्या टीव्हीवर सीरम करून शक्ती, वेग, हाताचा थरथराट वगैरे सुधारायला लागते, आणि ते नेमक्या नेमाने मारल्यावर भरपूर मिळते. एका प्रकरणात ठरावीक मर्यादेपर्यंतच सीरम होते. तेव्हा जुन्या जागी तासन्‌तास शत्रू मारून फायदा नाही, पण प्रकरण संपवण्याआधी तो कोटा मात्र भरून घ्या. सुरुवातीचे सीरम सगळ्यांत वाटू नका. आधी डॅनवर लावा, सर्वांत जास्त वेळ तोच हातात असतो.

बाकीचे किल्ल्यांसारखे वापरा. कुलूप असेल किंवा उंच उडी हवी असेल तर कोयोटी. फुटकी भिंत दिसली की मास्क, त्याच्याकडे ग्रेनेड फेकणाऱ्या दोन तोफा आहेत. लहानशा फटीतून जायचे तर कॉन. नजर चुकवून जायचे तर अदृश्य होणारा केव्हिन. मायेने झाकलेली भिंत असेल तर काएडे स्वतःच्या रक्ताचा फवारा मारून ती उघडते. गार्सियन मात्र लढायला काढू नका. कुणी पडले तर पडल्या जागी जाऊन त्याची कागदी पिशवी उचलायची (आत शिर असते) आणि हार्मनच्या खोलीत बटण भराभर दाबून त्याला उठवायचे, हे गार्सियनचे काम. तोच मेला तर खेळ संपला.

सेव्हबद्दल : हार्मनच्या खोलीत त्याची देखभाल करणारी समांथा मोलकरणीच्या वेशात असेल तरच सेव्ह होते. नेहमीच्या कपड्यांत असली तर ती ढुंकूनही बघत नाही. बंद पडलेला गेम समजून अनेकांनी पत्रे लिहिली आहेत!

कथा पहिल्या खेपेला पूर्ण कळणार नाही, त्याचे वाईट वाटून घेऊ नका. अमेरिका-जपान राजकारण हा तिचा कणा आहे एवढे धरून चला. भुते जे बडबडतात ते मात्र वगळू नका, कोड्यांचे धागे आणि कथेचे अर्धे दुवे तिथेच असतात. जुनी डिस्क घेणाऱ्यांसाठी : प्लेस्टेशन २च्या आवृत्तीत लोडिंगला फार वेळ लागतो. हा गेम मुळात निन्टेंडोच्या गेमक्यूब यंत्रासाठी घडवला होता. आज घ्यायचा तर २०१८ची संगणकावरचीच आवृत्ती घ्या.

प्रश्न : ‘नो मोअर हीरोज’मध्ये मी जगातला एक नंबरचा मारेकरी व्हायला निघालो आणि गवत कापतोय, नारळ गोळा करतोय, कचरा उचलतोय. शहरही ओसाड. लोक याला थोर का म्हणतात? आणि पैसे लवकर कसे जमतील? (ठाणे)

गवत कापणे हाच विनोद आहे. नायक ट्रॅव्हिस टचडाउन मोटेलच्या एका खोलीत राहतो, भिंतीवर कुस्तीगीर आणि अॅनिमेच्या मुली, घरात एक मांजर. अकराव्या क्रमांकावरून पहिल्यावर जायचे तर प्रत्येक लढतीआधी मारेकऱ्यांच्या संघटनेला फी भरावी लागते, आणि ती फी मजुरी करून जमवावी लागते. लढतीतली झिंग आणि मधला रटाळपणा यांचा झोका जाणूनबुजून बांधलेला आहे. तरी रिकामे शहर, दुचाकीचे भयंकर वळण आणि हरवलेले रस्ते हा सगळा ‘हेतू’ नव्हता. त्यात कमी पैसा आणि कमी वेळही दिसतो. चाहते या दोन्हींना एकाच पिशवीत घालतात, ते आम्हाला पटत नाही.

पैशाचे गणित असे. प्रत्येक बॉसनंतर (म्हणजे क्रमांकावरच्या मारेकऱ्याला हरवल्यावर) जॉब सेंटरमध्ये नवे काम उघडते, आणि ते एकदा केले की के-एंटरटेनमेंटमध्ये खुनाची सुपारी उघडते. काम एकदाच करा, सुपारी पुन्हा पुन्हा. पदक जितके वरचे तितके मानधन जास्त, म्हणून नव्या तीन सुपाऱ्या कशातरी उरकण्यापेक्षा हातात बसलेली एक सुपारी सोन्याच्या पदकाने चार वेळा केलेली परवडते.

खर्चाचा क्रम : आधी शस्त्रे विकणाऱ्या डॉ. नाओमीकडचे बीम कटाना (ट्रॅव्हिसच्या प्रकाशाच्या तलवारी), मग व्यायामशाळा, कपडे सर्वांत शेवटी. हा क्रम चुकला की पुढे महागात पडते, कारण खरा शेवट पाहायचा तर नाओमीकडचे सर्व बीम कटाना विकत घेतलेले असावे लागतात. पहिल्या क्रमांकाच्या लढतीला जाण्याआधी हे करून ठेवा. टीशर्टवर पैसे उधळून शेवटाला हात चोळत बसलेले बरेच आहेत. टीशर्ट तसेही कचराकुंड्यांत फुकट मिळतात.

शहरभर विखुरलेले ४९ लोव्हिकोव्ह चेंडू दिसले की उचला. दारूच्या गुत्त्यातला रँडल लोव्हिकोव्ह सात चेंडूंना एक विद्या शिकवतो.

लढताना होणारी मुख्य चूक बॅटरीची. प्रत्येक वार आणि अडवलेला प्रत्येक घाव बीम कटानाची बॅटरी खातो, आणि ती संपली की हातात नुसती मूठ. बॉसने लांबलचक हल्ला सुरू केला की दूर पळून चार्ज करा. मोशन कंट्रोलवर कंट्रोलर हलवून, बटणांवर खेळत असाल तर उजव्या स्टिकने. (ट्रॅव्हिस ते ज्या पद्धतीने करतो त्यामुळे दिवाणखान्यात वडीलधारे असताना हा गेम लावू नये.) शत्रूवर लॉक धरून ठेवलेत आणि वार थांबवलात तर बचाव आपोआप होतो, वेगळे बटण नाही. नवखे सतत वार करत राहतात, म्हणून मार खातात. वरून वार अडत असेल तर खालून करा. डोक्याभोवती तारे फिरू लागले की तलवार सोडून कुस्तीचा डाव टाका. नवे डाव शिकायचे तर कुस्तीच्या व्हिडिओ टेप घ्या.

आणि हो, पाचव्या क्रमांकाची फी भरून गेलात आणि लढत झालीच नाही, तर तोही बिघाड नाही.

प्रश्न : मित्राच्या जुन्या वी या निन्टेंडोच्या गेमयंत्रावरच्या ‘नो मोअर हीरोज’मध्ये रक्ताऐवजी काळी राख उडते. डिस्क नकली आहे का?

अस्सल आहे, फक्त युरोपातली किंवा जपानमधली असणार. त्या दोन्हींकडे मूळ आवृत्तीतून रक्त काढले होते, उत्तर अमेरिकेत ठेवले होते. वीला प्रदेशाचे कुलूप असल्याने अमेरिकन डिस्क त्या यंत्रावर चालणार नाही. ऑक्टोबर २०२०ची स्विच या निन्टेंडोच्याच नव्या यंत्रावरची आवृत्ती रक्तासह आहे. स्विच भारतात अधिकृतपणे विकला जात नसला तरी लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात आयात केलेला मिळतो, आणि त्याला प्रदेशाचे कुलूप नाही. ज्यांच्याकडे तो नाही त्यांना २०२१ची संगणकावरची आवृत्ती आहेच.

प्रश्न : चारही ‘नो मोअर हीरोज’ कोणत्या क्रमाने खेळू? ‘ट्रॅव्हिस स्ट्राइक्स अगेन’ सोडला तर चालेल का? (कोल्हापूर)

प्रकाशनाच्या क्रमानेच खेळा. दुसऱ्या भागात (२०१०) शहर हिंडणे काढून टाकले आहे, नकाशावरून थेट लढतीला जायचे, फीही नाही, आणि मजुरीची कामे जुन्या आठ-बिटी गेमसारखी. गवत कापून कंटाळलेल्यांना तो जास्त आवडतो. पहिल्या भागातला मुद्दा मात्र तिथे हरवतो.

‘ट्रॅव्हिस स्ट्राइक्स अगेन’ला तिसरा भाग समजून घेतलेले सर्वांत जास्त फसले. तो वरून दिसणारा, छोट्या खर्चातला, पात्रे एका शापित गेमयंत्रात शिरतात असा गेम आहे. त्यातले संवाद लांब, लढाया एकसुरी. सोडू नका असे आम्ही म्हणू, कारण तिसऱ्या भागातली काही माणसे तिथून येतात आणि सुदाच्या जुन्या गेमचे धागेही तिथेच जुळतात. दोघांनी मिळून खेळलात तर लढायांचा कंटाळा निम्मा होतो.

तिसऱ्या भागात स्विचवर लढती गुळगुळीत चालतात, पण शहरात दुचाकी काढली की चित्र अडखळते. ती स्विचची ताकद कमी पडते, कार्डात बिघाड नाही. ऑक्टोबर २०२२ला इतर यंत्रांवर आलेली आवृत्ती घेतलीत तर हा त्रास बराच कमी. लढतीला जाण्याआधी सुशी खाऊन जा, तिने काही काळ ताकद वाढते. हरलात तर फिरणारे चक्र येते आणि पुढच्या प्रयत्नाला एखादी सवलत देऊन जाते. तुंबलेले संडास साफ केले की सेव्हच्या जागा वाढतात, ते काम टाळू नका.

प्रश्न : तेरा वर्षांच्या मुलाला ‘किलर७’ हवा आहे. चित्रे कार्टूनसारखी दिसतात. घेऊन देऊ का? (पुणे)

नको. चित्रशैली सपाट रंगांची आहे, आशय नाही. मनगट कापून घेणारे पात्र, आत्महत्या, मुलांवरील अत्याचाराचे संदर्भ हे सगळे त्यात आहे. अमेरिकेत त्याला एम, म्हणजे १७ वर्षांवरील, असे वर्गीकरण आहे. भारतात गेमला सिनेमासारखे सेन्सॉरचे प्रमाणपत्र नसते, त्यामुळे दुकानदार अडवणार नाही. अडवायचे तुम्हालाच. स्टीम या संगणक-गेमच्या ऑनलाइन दुकानावर ‘कुटुंब’ तयार करून मुलाचे खाते त्यात बालक म्हणून जोडा, म्हणजे कोणते गेम त्याला दिसावेत ते तुम्ही ठरवू शकता. मुलाला नाही म्हणताना मात्र कारण सांगा. ‘वाईट आहे’ एवढेच सांगितलेत तर तो पूर्ण खेळ व्हिडिओवर पाहून घेईल.

प्रश्न : ‘लॉलीपॉप चेनसॉ’ची नवी आवृत्ती सुदाचीच ना?

नाही. २०२४चा ‘रीपॉप’ ड्रॅगामी गेम्सने काढला. त्यात सुदा नाही आणि मूळ कथेत हात असलेला चित्रपट दिग्दर्शक जेम्स गनही नाही. परवाने न मिळाल्याने मूळची बरीच गाणी गेली आहेत. सुरू करताना दोन पर्याय येतात : ‘रीपॉप’ निवडलात तर रक्ताच्या जागी रंगीबेरंगी चित्रे उडतील, ‘ओरिजिनल’मध्ये जुने रक्त. जुना अनुभव हवा असेल तर दुसरा.

‘शॅडोज ऑफ द डॅम्ड’चा ३१ ऑक्टोबर २०२४चा रीमास्टर (सुधारून काढलेली आवृत्ती) मात्र ग्रासहॉपरचाच आहे. त्यात गेम संपवल्यावर मिळवलेली शस्त्रे घेऊन पुन्हा सुरुवात करता येते. राक्षसांवर तोफ डागत बसायचे जे प्रकरण २०११ साली सर्वांना नको झाले होते, ते तसेच आहे. तिथे हळूहळू चालणाऱ्यांना सोडून धावत येणाऱ्यांवरच नेम धरा.

प्रश्न : ‘किलर७’चा पुढचा भाग येईल का? आणि नव्या ‘रोमिओ इज अ डेड मॅन’कडून काय अपेक्षा ठेवावी? (पणजी)

‘किलर७’चे हक्क कॅपकॉम या प्रकाशक कंपनीकडे आहेत, सुदाकडे नाहीत. जून २०२४च्या ग्रासहॉपरच्या कार्यक्रमात तो आणि जुना सहकारी शिंजी मिकामी या विषयावर मोकळेपणाने बोलले, त्यावरून नुसत्या इच्छेच्या ‘घोषणा’ झाल्या. कॅपकॉमचे नाव असलेली झलक येईपर्यंत आगाऊ पैसे मोजण्याजोगे काही नाही.

‘रोमिओ’ची गोष्ट वेगळी. ग्रासहॉपर २०२१ साली नेटईझ या चिनी कंपनीने विकत घेतली, पण हा गेम ती स्वतःच प्रकाशित करते. घोषणा जून २०२५मध्ये झाली. दिग्दर्शनात सुदासोबत रेन यामाझाकी आहे. नायक रोमिओ स्टारगेझर अर्धा मेलेला आणि काळ-अवकाशाच्या पोलिसांत दाखल, हातात तलवार आणि बंदूक दोन्ही. ‘किलर७’सारखी आखलेली वाट इथे शोधू नका, हा ‘नो मोअर हीरोज’च्या घराण्यातला आहे. त्यात आवडीचे काय ते तपासायचे असेल तर झलकीतले वार बाजूला ठेवा आणि मधले तुकडे पाहा: चित्रशैली मध्येच बदलते का, कथा कॉमिकच्या चौकटींत शिरते का, दोन लढतींच्या मधे पात्र काय करते. पहिला ‘नो मोअर हीरोज’ गवत कापण्यापाशी सोडून दिला असेल तर ‘रोमिओ’ पूर्ण किमतीला न घेता सेलची वाट पाहा.